पाचवीच्या वार्षिक परीक्षेची तयारी: वर्गातल्या सवयींपासून उत्तरपत्रिकेपर्यंत

पाचवीच्या वार्षिक परीक्षेची तयारी बहुतेक वर्गांत उलट्या क्रमाने होते. मार्च उजाडला की आधी जुन्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स निघतात, मग मुलांकडून त्या सोडवून घेतल्या जातात, कमी गुण पडलेल्यांना रागावले जाते आणि वर्गात गोंगाट वाढला की शिस्तीच्या सूचना सर्वांत शेवटी दिल्या जातात. ज्या मुलाला स्वतःच्या जागी वीस मिनिटे बसून एक काम पुरे करण्याची सवय नाही, त्याच्यापुढे पूर्ण प्रश्नपत्रिका ठेवून काहीही साधत नाही. त्याला फक्त पुन्हा एकदा नापास झाल्याचा अनुभव मिळतो. म्हणून या लेखात वागणुकीच्या सवयी आणि परीक्षेची तयारी यांची दोन वेगळी प्रकरणे केलेली नाहीत. प्राथमिक वर्गात हे एकच काम आहे आणि त्याला ठरलेला क्रम आहे.

महाराष्ट्रात २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक झाले आहे. पाचवीसाठी प्रत्येक विषयाला ५० गुण असतात. त्यांपैकी १० तोंडी किंवा प्रात्यक्षिकाचे आणि ४० लेखी. उत्तीर्ण होण्यासाठी ३५ टक्के, म्हणजे ५० पैकी १८ गुण लागतात. अनुत्तीर्ण मुलाला फेरपरीक्षेची संधी मिळते आणि तीतही तो अनुत्तीर्ण झाला तर त्याला पाचवीतच थांबावे लागते. हे सर्व शिक्षकांना ठाऊक असते. मात्र पालकांना बहुधा ठाऊक नसते आणि मुलांना ते फक्त धमकीच्या रूपात ऐकायला मिळते. चालू वर्षीचे परिपत्रक मुख्याध्यापकांकडून घेऊन स्वतः वाचावे. सहकाऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये.

सुरू करण्यापूर्वी: हाताशी काय असावे

२६ जानेवारीचा कार्यक्रम आटोपला की सुरुवात करावी. परीक्षा एप्रिलमध्ये धरली तर साधारण दहा आठवडे मिळतात. त्यांतून होळी, धुळवड, गुढीपाडवा, गावची यात्रा आणि प्रशिक्षणाचे दिवस वजा जातात. कॅलेंडरवर हे दिवस आधीच खोडून टाकावेत, म्हणजे प्रत्यक्ष किती दिवस उरतात ते कळते. मी पहिल्यांदा असे मोजले तेव्हा हाती सदतीसच दिवस होते. त्याआधीच्या वर्षी त्याच काळात मी पन्नास दिवसांचे नियोजन केले होते.

एक दोनशे पानी वही घ्यावी आणि प्रत्येक मुलासाठी दोन पाने राखून ठेवावीत. पहिल्या सत्रातील संकलित मूल्यमापनाच्या, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेच्या, उत्तरपत्रिका कपाटातून बाहेर काढाव्यात. एवढ्या दोन गोष्टींवर पहिला आठवडा भागतो. गाईड, सराव संच आणि छापील प्रश्नपत्रिका अजून मुलांपुढे आणू नयेत.

टप्पा १: एक आठवडा फक्त पाहणे

या आठवड्यात शिकवणे नेहमीप्रमाणे चालू ठेवावे, परंतु रोज तीन वेळा, म्हणजे परिपाठानंतरच्या पहिल्या तासाला, पोषण आहारानंतर मुले वर्गात परततात तेव्हा आणि शेवटच्या तासाला, पाच-पाच मिनिटे केवळ निरीक्षण करून वहीत नोंद करावी. नोंद कृतीची असावी, स्वभावाची नसावी. ‘खोडकर आहे’, ‘लक्ष नसते’ अशा नोंदींचा पुढे काही उपयोग होत नाही. ‘उतारा वाचायला सांगितला की उठतो’, ‘गणित फळ्यावरून उतरवते, पण सोडवायला सुरुवात करत नाही’ अशा नोंदींचा उपयोग होतो.

माझ्या वर्गातला एक मुलगा पेन्सिलीला टोक करण्यासाठी एका तासात सात वेळा कचऱ्याच्या डब्याजवळ गेला. मी त्याला महिनाभर उनाड समजत होते. नोंदी ठेवायला लागल्यावर दिसले की गणिताच्या तासाला तो एकदाही उठत नाही. मराठीच्या तासाला मूकवाचन सुरू झाले की उठतो. त्याला जवळ बसवून वाचायला लावले, तेव्हा तो ‘स्वच्छता’ हा शब्द अक्षर अक्षर सुटे करून, ‘स्व’पाशी आणि ‘च्छ’पाशी अडखळत वाचत होता. पाचवीतल्या मुलाला जोडाक्षरे वाचता येत नव्हती आणि ते वर्गाला कळू नये म्हणून तो पेन्सिल झिजवत होता. त्याला शिस्तीचा धडा नव्हे, वाचनाचा धडा हवा होता.

पडताळणी: आठवड्याच्या शेवटी प्रत्येक मुलाच्या पानावर निदान दोन कृती नोंदलेल्या असाव्यात. ज्यांची पाने कोरी राहतात ती बहुधा शांत बसणारी मुले असतात, आणि त्यांच्याकडेच आपले दुर्लक्ष झालेले असते. त्यांच्यासाठी आणखी दोन दिवस द्यावेत.

टप्पा २: चार सवयी ठरवून शिकवणे

वर्गात पंधरा नियमांचा तक्ता लावला की त्यातला एकही नियम टिकत नाही. चारच सवयी निवडाव्यात आणि त्या परीक्षेच्या खोलीत थेट उपयोगी पडणाऱ्या असाव्यात. माझ्या निवडीतल्या चार अशा: तास सुरू होण्याआधी वही, पेन आणि पट्टी बाकावर काढून ठेवणे, काम चालू असताना अडले तर न बोलता खूण करणे, काम संपले की ते पहिल्या ओळीपासून पुन्हा तपासणे, आणि उत्तर चुकण्याची भीती वाटली तरी ते स्वतःच्या मनाने लिहिणे.

‘हे करू नका’ असे न सांगता काय करायचे ते सांगावे. ‘गडबड करू नका’ हे वाक्य पाचवीच्या मुलाने हजारदा ऐकलेले असते आणि त्यात त्याला करण्यासारखे काहीच नसते. ‘अडले तर लाल पुठ्ठा बाकाच्या कोपऱ्यावर ठेवा आणि पुढचा प्रश्न घ्या’ यात करण्यासारखे काम आहे. हा लाल पुठ्ठा म्हणजे जुन्या वहीच्या कव्हराचा चौकोनी तुकडा. तो बाकावर दिसला की शिक्षकाने दोन मिनिटांच्या आत त्या बाकाशी पोहोचले पाहिजे, नाहीतर तिसऱ्या दिवशी मुले पुन्हा ओरडून विचारू लागतात.

प्रत्येक सवय पाठासारखी शिकवावी. आधी शिक्षकाने स्वतः करून दाखवावी, मग दोन मुलांना सर्वांसमोर करायला सांगावी, मग संपूर्ण वर्गाने करावी आणि पहिल्या आठवड्यात दररोज तिचा सराव घ्यावा. एका आठवड्यात एकच सवय घ्यावी. शांतपणे काम करण्याचा वेळही असाच वाढवावा: पहिल्या दिवशी आठ मिनिटे, मग दहा, मग पंधरा, आणि मार्चअखेर चाळीस. एकदम चाळीस मिनिटांची शांतता मागितली तर ती फक्त धाकाने मिळते आणि शिक्षक वर्गाबाहेर गेले की संपते.

सवय मोडली तर मुलाच्या जवळ जावे, हळू आवाजात नाव घ्यावे आणि काय करायचे ते एका वाक्यात सांगून पुढे जावे. दुरून ओरडल्याने एका मुलाबरोबर तीस मुलांचे काम थांबते. तीच चूक पुन्हा झाली तर ती कृती मधल्या सुट्टीच्या सुरुवातीला एकदा नीट करून घ्यावी आणि मुलाला खेळायला सोडावे. सुट्टी संपूर्ण काढून घेऊ नये.

खबरदारी: उठाबशा, अंगठे धरून उभे करणे, वर्गाबाहेर काढणे, तेच वाक्य शंभर वेळा लिहायला लावणे, वर्गासमोर ‘ढ’ म्हणणे या सर्व शिक्षाच आहेत. शिक्षण हक्क कायदा, २००९ मधील कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. पालकांनी ‘मारा, पण शिकवा’ असे म्हटले तरी त्याने काही बदलत नाही. वर्गमंत्र्याला बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहायला लावण्याची प्रथाही बंद करावी. त्यातून शिस्त येत नाही, मुलामुलांत वैर मात्र येते.

चौथ्या सवयीबद्दल थोडे अधिक लिहिणे गरजेचे आहे, कारण कॉपीकडे आपण केवळ लबाडी म्हणून पाहतो. या वयात शेजारच्या वहीत डोकावणाऱ्या अनेक मुलांना स्वतःचे उत्तर बरोबर येत असते, पण त्यावर त्यांचा विश्वास नसतो. शेजारच्या ‘हुशार’ मुलीचे उत्तर वेगळे दिसले की ही मुले स्वतःचे बरोबर उत्तर खोडून टाकतात. ही सवय शिक्षेने जात नाही. गणिताच्या वहीत उत्तर चुकले तरी मांडणीला गुण द्यावेत, तपासताना ‘इथपर्यंत बरोबर’ असे लिहून त्या ओळीखाली रेघ मारावी आणि शेजाऱ्याशी जुळणाऱ्या उत्तरापेक्षा स्वतःच्या मांडणीचे कौतुक वर्गात करावे. तीन-चार आठवड्यांत फरक दिसतो.

टप्पा ३: चुका कुठे आहेत ते शोधणे

हा टप्पा सर्वांत जास्त वेळा गाळला जातो आणि पुढची सगळी मेहनत त्यामुळेच वाया जाते. एखाद्याला गणितात ४० पैकी ११ गुण मिळाले, एवढ्यावरून काहीच कळत नाही. ११ गुणांची दोन मुले शेजारी शेजारी बसलेली असतात आणि दोघांची अडचण संपूर्ण वेगळी असते.

उत्तरपत्रिका उघडून चुकीचे उत्तर कसे आले असेल ते शोधावे. ५०३ मधून २७८ वजा करताना मुलाने ३७५ लिहिले असेल, तर त्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे: आठातून तीन, सातातून शून्य, पाचातून दोन. त्याला वजाबाकी येत नाही असे नाही; दशकाच्या घरी शून्य असताना शतक मोडून आणायचे असते, हे त्याला कळलेले नाही. त्याला अशीच आणखी वीस उदाहरणे घातली तर तो वीस वेळा तीच चूक पक्की करेल. काड्यांचे गठ्ठे किंवा खोट्या नोटा घेऊन शंभराची एक नोट सुटी करून दाखवली, तर हीच गोष्ट दोन तासांत समजते.

८२४ भागिले ४ चे उत्तर २६ लिहिणाऱ्या मुलाने मधले शून्य गाळले आहे. त्याला उत्तर तपासण्यासाठी २६ ला ४ ने गुणायला सांगावे, १०४ आल्यावर चूक त्याची त्यालाच दिसते. २/७ आणि ३/७ यांची बेरीज ५/१४ लिहिणाऱ्या मुलीने छेदांचीही बेरीज केली आहे. तिला भाकरीचे सात सारखे तुकडे करायला द्यावेत आणि दोन अधिक तीन तुकडे उचलायला सांगावेत.

शाब्दिक उदाहरणांत वेगळीच अडचण असते. ‘बाई, यात बेरीज करायची की वजाबाकी?’ हा प्रश्न ज्या वर्गात रोज येतो, तिथे मुले उदाहरण वाचत नाहीत. ती ‘एकूण’, ‘जास्त’, ‘उरले’ असे शब्द शोधतात. ‘मीनाकडे ३५ बोरे आहेत. ती राजूच्या बोरांपेक्षा १२ ने जास्त आहेत. राजूकडे किती बोरे आहेत?’ हे उदाहरण वर्गात देऊन पाहावे. ‘जास्त’ हा शब्द पाहून निम्मी मुले ४७ लिहितील; उत्तर २३ आहे. अशा वेळी क्रिया सांगू नये. ‘जास्त बोरे कोणाकडे?’ एवढाच प्रश्न विचारावा आणि चित्र काढायला लावावे. ‘एकूण म्हणजे बेरीज’ अशी युक्ती आपणच कधीतरी शिकवलेली असते, आणि ती मोडायला आठवडे लागतात.

भाषेसाठी प्रत्येक मुलाला एकट्याला जवळ बसवून परिच्छेद मोठ्याने वाचून घ्यावा. याला तीस मुलांच्या वर्गात चार-पाच दिवस लागतात, पण त्याला पर्याय नाही. वाचता येते पण अर्थ लागत नाही, अर्थ लागतो पण लिहिता येत नाही, आणि वाचताच येत नाही, हे तीन वेगळे गट आहेत. परिसर अभ्यासात मुलाने गाईडमधले उत्तर पाठ केले आहे का, ते तपासण्यासाठी प्रश्न थोडा फिरवून विचारावा. इंग्रजीत प्रश्नातलेच शब्द उत्तराच्या जागी उतरवणारी मुले वेगळी काढावीत. त्यांना प्रश्नाचा अर्थच कळलेला नसतो, आणि ‘लिहिले आहे काहीतरी’ म्हणून आपण त्यांच्या वहीवर बरोबरची खूण करून पुढे जातो.

पडताळणी: वहीत प्रत्येक मुलापुढे प्रत्येक विषयाची जास्तीत जास्त दोन कामे लिहिलेली असावीत आणि ती कामे ‘गणित सुधारणे’ अशी ढोबळ नसून ‘शून्य असलेल्या संख्येतून हातच्याची वजाबाकी’ इतकी नेमकी असावीत.

मुलांचे गट या कामांनुसार करावेत आणि दर दहा दिवसांनी बदलावेत. हुशार, मध्यम आणि कच्चे असे कायमचे गट केले की मुले त्या नावांप्रमाणे वागू लागतात.

टप्पा ४: उजळणीचे वेळापत्रक

एक घटक एकदाच दीर्घ वेळ घेण्यापेक्षा तोच घटक थोड्या थोड्या वेळाने, मध्ये दिवस सोडून, परत परत घ्यावा. सोमवारी घेतलेला घटक बुधवारी दहा मिनिटे, पुढच्या सोमवारी दहा मिनिटे आणि तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा यावा. प्रत्येक वेळी पुस्तक आणि वही बंद करूनच सुरुवात करावी. ‘धडा पुन्हा वाचा’ असे सांगितले की मुलांना धडा ओळखीचा वाटतो आणि आपल्याला तो येतो असा त्यांचा समज होतो. पाटीवर किंवा कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचे, मग पुस्तक उघडून राहिलेले वेगळ्या रंगाने भरायचे, ही पद्धत सुरुवातीला मुलांना जड जाते. ती सोडू नये.

दिवसभर एकच विषय घेऊ नये. मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली असेल तर गणित आणि वाचन पहिल्या दोन तासांत घ्यावे, कारण अकरानंतर पत्र्याच्या वर्गखोलीत मुलांचे लक्ष टिकत नाही. खेळ, चित्रकला आणि कार्यानुभवाचे तास ‘परीक्षा जवळ आली’ म्हणून रद्द करू नयेत. ते रद्द झाले की दुसऱ्याच आठवड्यात भांडणे वाढतात.

बीड, अहिल्यानगर किंवा जालना जिल्ह्यांतल्या अनेक वर्गांत ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुले मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्यांच्यासाठी वर्गाचेच वेळापत्रक लावणे अन्यायाचे आहे. परतल्यावर पहिले दोन दिवस त्यांचा टप्पा ३ पूर्ण करावा, आणि मग सर्व अभ्यासक्रम गाठण्याच्या मागे न लागता प्रत्येक विषयातले दोन-तीन महत्त्वाचे घटक पक्के करावेत. तोंडी परीक्षेचे १० गुण या मुलांना मोठा आधार देतात. ती बोलायला बहुधा कमी पडत नाहीत. फडावरून आलेल्या मुलीला माप, वजन, मजुरीचा हिशेब तोंडी येत असतो; तो कागदावर मांडायला शिकवण्यापासून सुरुवात करावी.

टप्पा ५: प्रश्न वाचणे आणि उत्तर लिहिणे

इथपर्यंत आल्यावर प्रश्नपत्रिकेचा नमुना मुलांपुढे आणावा. पहिल्या दिवशी तो सोडवायचा नसतो, फक्त वाचायचा असतो. प्रत्येक प्रश्नात काय करायला सांगितले आहे त्या शब्दाखाली रेघ मारायला लावावी: नावे लिहा, कारण सांगा, फरक लिहा, जोड्या लावा, एका वाक्यात उत्तर लिहा. मग कोणत्या शब्दाला कसे उत्तर हवे, हे फळ्यावर एकेक उदाहरण घेऊन ठरवावे.

‘पाणी उकळून का प्यावे?’ या प्रश्नाला माझ्या वर्गातल्या सहा मुलांनी ‘हो, प्यावे’ असे उत्तर लिहिले होते. त्या सहाही जणांना तोंडी विचारल्यावर पाण्यातले जंतू मरतात हे सांगता आले. त्यांचे गुण अज्ञानामुळे गेले नव्हते. ‘का’ या शब्दाला ‘कारण’ने उत्तर सुरू करायचे असते, हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. तसेच ‘एका वाक्यात’ म्हटल्यावर मुले एक शब्द लिहून थांबतात. प्रश्नातले शब्द घेऊन पूर्ण वाक्य कसे करायचे, याचा सराव रोज तीन प्रश्नांवर, फक्त दहा मिनिटे घ्यावा.

गुणांकडे पाहून उत्तराची लांबी ठरवायला शिकवावे. दोन गुणांच्या प्रश्नात दोन वेगळे मुद्दे हवेत. एकच मुद्दा दोनदा फिरवून लिहिल्याने दोन गुण मिळत नाहीत.

लिहिण्याच्या बारीकसारीक सवयी याच टप्प्यात बसवाव्यात. प्रश्नाचा आणि उपप्रश्नाचा क्रमांक समासात लिहिणे, दोन उत्तरांमध्ये एक ओळ सोडणे, चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ मारून पुढे लिहिणे. खोडरबराने खोडून खोडून कागदाला भोक पाडणारे मूल प्रत्येक वर्गात असते. ते पंधरा मिनिटे एकाच ओळीवर अडकून पडते आणि शेवटचे दोन प्रश्न तसेच राहतात. अशा मुलाला सरावात खोडरबर न देता पेनाने लिहायला लावावे.

वेळेचे भानही इथेच शिकवावे. ४० गुणांसाठी समजा ९० मिनिटे असतील, तर पाच मिनिटे वाचायला आणि दहा मिनिटे तपासायला राखून एका गुणाला साधारण पावणेदोन-दोन मिनिटे येतात. हा हिशेब मुलांना सांगून उपयोग नाही. त्यांना घड्याळाच्या काट्यावर दाखवावे लागते. मोठा काटा इथे आला की दुसरा प्रश्न संपलेला हवा, अशा खुणा फळ्यावरच्या चित्रात कराव्यात. अडलेल्या प्रश्नाजवळ पेन्सिलीने टिंब देऊन पुढे जावे आणि शेवटी टिंबांकडे परत यावे.

खबरदारी: शिष्यवृत्ती परीक्षेच्या एका पेपरमध्ये ९० मिनिटांत ७५ बहुपर्यायी प्रश्न असतात आणि तिथे वेगाने पर्याय निवडणे हेच कौशल्य असते. त्या वर्गांचा अनुभव असलेले शिक्षक तीच पद्धत वार्षिक परीक्षेला लावतात आणि मुलांना वाक्य लिहिण्याचा सरावच मिळत नाही. दोन्ही तयाऱ्या वेगळ्या ठेवाव्यात.

टप्पा ६: तोंडी आणि प्रात्यक्षिक

तोंडी परीक्षा शेवटच्या दोन दिवसांत उरकली जाते आणि लाजाळू मुलांचे हक्काचे गुण जातात. मार्चपासून परिपाठात रोज दोन मुलांनी एक मिनिट बोलावे, एवढे केले तरी पुरते. विषय घरातला असावा: आज डब्यात काय आहे, शेळीची काळजी कशी घेतात, बाजारला कसे जातात. घरी कोकणी, अहिराणी, पावरी, गोंडी किंवा बंजारा बोलली जात असेल तर सुरुवातीला त्या भाषेतले शब्द चालू द्यावेत. बोलताना मध्येच दुरुस्ती करू नये. बोलून झाल्यावर एखादेच वाक्य सुधारून द्यावे.

टप्पा ७: पालकांशी बोलणे

पालक सभेत संपूर्ण वर्गाला ‘घरी लक्ष द्या’ असे सांगितले की कोणीच काही करत नाही. प्रत्येक पालकाला त्यांच्या मुलाचे एकच काम सांगावे. आईवडील शिकलेले नसतील तरी ते तीन गोष्टी करू शकतात: रात्री ठरलेल्या वेळी टीव्ही आणि मोबाइल बंद करणे, मुलाला वेळेवर झोपवणे आणि ‘आज न बघता काय लिहिलेस ते मला सांग’ असे विचारून पाच मिनिटे ऐकणे. समजले नाही तरी चालते; सांगताना मुलाची उजळणी होते.

नापास होण्याच्या नियमाबद्दल पालकांना स्पष्ट, पण शांतपणे सांगावे. दिव्यांग मुलांना ज्या सवलती मिळू शकतात, मग तो जादा वेळ असो वा लेखनिक, त्यांचे प्रस्ताव या सभेच्या आतच मुख्याध्यापकांकडे द्यावेत. परीक्षेच्या आठवड्यात त्या मिळवता येत नाहीत.

खबरदारी: पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुणांची यादी टाकू नये.

टप्पा ८: सराव परीक्षा

दोनच घ्याव्यात: एक परीक्षेच्या तीन आठवडे आधी आणि दुसरी दहा दिवस आधी. बैठक व्यवस्था, घंटा, कोरी उत्तरपत्रिका, सर्व काही खऱ्या परीक्षेसारखे असावे आणि शक्य असेल तर मुलांना दुसऱ्या वर्गखोलीत बसवून पर्यवेक्षणाला दुसऱ्या शिक्षकांना बोलवावे.

अनेक वर्षे मी सराव परीक्षेचे गुण वर्गात मोठ्याने वाचून दाखवत असे. त्यामुळे चुरस वाढते असे मला वाटे. एका वर्षी सर्वांत कमी गुण मिळालेली मुलगी दुसऱ्या दिवसापासून शाळेत आली नाही. तिच्या घरी गेले तेव्हा ती चुलीमागे बसून होती आणि तिने उत्तरपत्रिका धान्याच्या कणगीत लपवली होती. तिला परत वर्गात आणायला नऊ दिवस लागले, आणि त्या नऊ दिवसांत तिच्या परीक्षेचा जो तोटा झाला तो कुठल्याच चुरशीने भरून निघणारा नव्हता. तेव्हापासून गुण प्रत्येकाला त्याच्या बाकाशी जाऊन देते.

उत्तरपत्रिका परत दिल्यावर मुलांनी स्वतःच्या चुका तीन खुणांनी वेगळ्या कराव्यात: येत नव्हते, येत होते पण घाईत चुकले, प्रश्नच कळला नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारच्या चुका उरलेल्या दिवसांत निश्चित कमी होतात. पहिल्या प्रकारातले एक किंवा दोनच घटक निवडून घ्यावेत.

टप्पा ९: परीक्षेचे दिवस

आदल्या दिवशी नवीन काहीही घेऊ नये. शेवटच्या तासाला मुलांनी दप्तर भरावे: दोन पेन, पेन्सिल, पट्टी, पॅड, पाण्याची बाटली. ज्यांच्याकडे यातले काही नसेल त्यांची सोय शिक्षकाने त्याच दिवशी करून ठेवावी. एप्रिलच्या उन्हात दोन-तीन किलोमीटर चालत येणारी मुले घंटेच्या आधी पंधरा मिनिटे सावलीत बसून पाणी प्यायलेली असावीत.

पेपर सुरू झाल्यावर एखादे मूल रडू लागले किंवा गप्प बसून राहिले, तर त्याच्या उत्तरपत्रिकेकडे न पाहता शेजारी थांबावे आणि त्याला सर्वांत सोपा प्रश्न शोधायला सांगावे. उत्तर सुचवू नये. पहिली ओळ लिहिली गेली की बहुतेक मुले सावरतात. पेपर सुटल्यावर ओट्यावर उत्तरे जुळवत बसणाऱ्या मुलांना पांगवून घरी पाठवावे, कारण उद्याच्या पेपरची निम्मी भीती त्या ओट्यावर तयार होते.

टप्पा १०: निकाल आणि फेरपरीक्षा

अनुत्तीर्ण मुलांच्या पालकांना निकालाच्या दिवशी सर्वांसमोर सांगू नये. आदल्या दिवशी एकेकाला बोलावून घ्यावे आणि मूलही सोबत असावे. शिक्षण हक्क कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार अशा मुलाला अतिरिक्त मार्गदर्शन मिळाले पाहिजे आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षेची संधी मिळाली पाहिजे. फेरपरीक्षेतही अपयश आले तरी प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत त्याला शाळेतून काढता येत नाही. हे शेवटचे वाक्य पालकांना मुलासमोरच सांगावे.

उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी संपूर्ण पुस्तक घरी देऊ नये. वहीतले त्या मुलाचे पान उघडावे, तिथे राहिलेली दोन कामे एका पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर लिहून द्यावीत, प्रत्येकाची दोन सोडवलेली उदाहरणे मागच्या बाजूला असावीत आणि आठवड्यातून एकदा शाळेत येऊन ते दाखवण्याचा वार ठरवावा. तो वार शिक्षकाने कधीही चुकवू नये.